वाळू, चिखल, घाट, महामार्ग: टायरची हवा कुठे किती ठेवायची आणि कोणत्या क्रमाने बदलायची

टायरच्या हवेबाबत दोन उलट चुका सतत दिसतात. उन्हाळ्यात महामार्गावर निघताना ‘टायर तापून फुटेल’ या भीतीने हवा कमी केली जाते. वाळूत किंवा चिखलात शिरताना मात्र तीच हवा ३३-३५ पीएसआयवर (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) तशीच राहते. पहिल्या चुकीने टायर फुटतो, दुसरीने गाडी रुतते. तिसरी चूक या दोन्हींहून धोक्याची आहे: वाळूसाठी उतरवलेली हवा परत न भरता डांबरी रस्त्यावर ८०-९० चा वेग पकडणे.

जमीन मऊ असेल आणि वेगही कमी राहणार असेल, तरच हवा उतरवायची. यातली एकच अट पुरेशी नाही. डांबर किंवा काँक्रीट असेल तर ऊन असो, पाऊस असो, हवा कंपनीच्या आकड्याखाली न्यायची नाही. पुढचे सगळे टप्पे याच नियमावर उभे आहेत. ते चारचाकी गाड्यांच्या ट्यूबलेस रेडियल टायरसाठी लिहिले आहेत. ट्यूबच्या टायरचा वेगळा धोका सातव्या टप्प्यात आहे.

१. आपल्या गाडीचा मूळ आकडा शोधा

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर किंवा खांबावर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतं. त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे, आणि बहुतेकदा दोन-तीन माणसांसाठी वेगळे, पूर्ण भारासाठी वेगळे असे दिलेले असतात. पूर्ण भाराला मागच्या चाकांचा आकडा बऱ्याच गाड्यांत वाढतो. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघताना बहुतेक जण नेमकी हीच ओळ वाचत नाहीत.

आकडे पीएसआयमध्ये नसतील तर असं वाचा: १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, १०० केपीए म्हणजेही १४.५. स्टिकरवर २३० केपीए असेल तर ते ३३ पीएसआय.

सावधान: टायरच्या बाजूवर छापलेला ४४ किंवा ५१ असा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नाही. तसंच ‘सगळ्यांना ३५ टाकतो’ हे पंपावरचं उत्तरही शिफारस नव्हे. हलक्या हॅचबॅकचा आणि सात आसनी गाडीचा आकडा एक असू शकत नाही.

२. साहित्य आधी, प्रवास नंतर

हवा उतरवायला एक काडीसुद्धा पुरते. भरायला यंत्र लागतं. म्हणून हवा भरायची सोय जवळ नसेल तर हवा उतरवायचीच नाही.

* हवेचा दाब मोजायचा स्वतःचा गेज. डिजिटल असेल तर अर्ध्या पीएसआयपर्यंत वाचणारा घ्या. काट्याचा घेतला तर ० ते ६० पट्ट्याचा घ्या. ० ते २०० च्या गेजवर १६ आणि १८ मधला फरक दिसत नाही.
* १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप रोजच्या दोन-तीन पीएसआयला ठीक आहे. मोठ्या टायरमध्ये १७ वरून ३३ पर्यंत जायचं असेल तर बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा घ्या. सॉकेटच्या फ्यूजला मर्यादा असते आणि तिसऱ्या चाकाला तो उडाला तर उरलेली चाकं तशीच राहतात.
* व्हॉल्व्हची पिन काढायची किल्ली, दोन जादा पिना, चार जादा टोप्या.
* मऊ जमिनीसाठी फावडं, ओढायचा पट्टा आणि चाकाखाली घालायच्या दोन फळ्या.

स्टेपनी विसरू नका. पूर्ण आकाराची असेल तर तिच्यात नेहमीच्या आकड्यापेक्षा ३ ते ५ पीएसआय जास्त ठेवा. गरजेच्या वेळी उतरवता येते, रानात भरता येत नाही. अरुंद, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिचा आकडा साधारण ६० पीएसआय असतो आणि वेगाची मर्यादा ८०. तिच्यावरच छापलेलं असतं, वाचून घ्या. ही अरुंद स्टेपनी वाळूत-चिखलात कामाची नाही.

तपासा: टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. जुना, कडक झालेला किंवा बाजूला बारीक चिरा पडलेला टायर कमी हवेवर चालवायचा नाही. कमी हवेत टायरची बाजूच सर्वांत जास्त वाकते आणि चीर तिथूनच फाटते.

३. थंड टायरवर मोजा

स्टिकरवरचे आकडे थंड टायरचे असतात. थंड म्हणजे गाडी किमान ३ तास उभी आहे, किंवा सकाळपासून जेमतेम दोन किलोमीटर चालली आहे. टायर उन्हात तापलेला नसावा. सकाळी पार्किंगमध्येच मोजणं उत्तम.

महामार्गावर तासभर चालल्यावर आतली हवा तापून दाब ४ ते ६ पीएसआयने वाढतो. कंपनीने हा वाढीव दाब गृहीत धरलेला असतो. इथे घडणारी नेहमीची चूक अशी: ३३ आकडा असलेली गाडी दुपारी पंपावर थांबते, गेज ३८ दाखवतो, ‘जास्त झाली’ म्हणून हवा ३३ पर्यंत काढली जाते. रात्री टायर थंड झाल्यावर तोच आकडा २८-२९ वर येतो आणि दुसऱ्या दिवशीचा प्रवास कमी हवेवर सुरू होतो. गरम टायरमधून हवा काढू नका. गरम असताना भरावीच लागली तर मूळ आकड्यापेक्षा ३ पीएसआय जास्त भरा आणि सकाळी थंड असताना नीट करा.

बाहेरचं तापमान १० अंशांनी बदललं की दाब साधारण दीड ते दोन पीएसआयने बदलतो. त्यामुळे नागपुरात मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे, कुठेही गळती नसताना, पाचेक पीएसआय कमी दिसू शकते. महिन्यातून एकदा मोजायला हे कारण पुरेसं आहे.

तपासा: पंपाच्या यंत्राचा आकडा आणि आपल्या गेजचा आकडा एकदा ताडून पाहा. दोन-तीन पीएसआयचा फरक नेहमीचा आहे. पुढे सगळी मोजणी एकाच गेजने करा. चारही चाकांत सारखी चूक चालून जाते, पण डाव्या-उजव्या चाकांत फरक पडला तर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते.

४. डांबर आणि काँक्रीट: हवा कमी करायची नाही

*लांबचा महामार्ग.* समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, काँक्रीटचा आहे, आणि कारला १२० ची वेगमर्यादा आहे. तासन् तास एकाच वेगाने जाताना टायर उन्हापेक्षा स्वतःच्या वाकण्याने जास्त तापतो. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्याला बाजू जास्त वाकते, वाकण्याने उष्णता तयार होते, आतला रबर आणि धाग्यांचा थर एकमेकांपासून सुटतो आणि टायर फुटतो. फुटण्याचं मूळ इथे कमी हवेत असतं. म्हणून उन्हाळ्यात हवा कमी करणं म्हणजे ज्याची भीती आहे तेच घडवून आणणं. भार पूर्ण असेल तर पूर्ण भाराचा आकडा भरा. स्टिकरवर जास्त वेगासाठी वेगळी ओळ असेल तर ती पाळा. दर दोन तासांनी थांबा आणि तळहात टायरच्या बाजूजवळ नेऊन पाहा. एकच चाक इतर तिघांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर त्यातली हवा कमी झालेली असते किंवा ब्रेक चिकटलेला असतो.

*पाऊस.* ‘पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते’ हा समज ओल्या डांबरावर चुकीचा आहे. साचलेलं पाणी बाजूला सारायला टायरला दाब लागतो. हवा कमी झाली की टायर पाण्यावर कमी वेगातच तरंगू लागतो. खाचा उपसू शकणार नाहीत इतकं पाणी साचलेलं असेल तर अंदाजासाठी एक सूत्र आहे: पीएसआयचं वर्गमूळ काढा आणि १६.६ ने गुणा. ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ ला ८३. म्हणजे हवा आठ पीएसआयने उतरवून आपण सुरक्षित वेगातले बारा किलोमीटर गमावले. झिजलेल्या टायरला तर याहूनही जपावं लागतं. पावसाळ्यात हवा स्टिकरवरचीच ठेवा आणि वेग उतरवा.

*खड्डे.* डांबरावरच्या खड्ड्यांसाठीही हवा कमी करू नका. आदळा मऊ वाटेल, पण खड्ड्याची कड टायरसकट रिमवर आपटते, रिम वाकते आणि टायरच्या बाजूला फुगा येतो. कमी उंचीच्या टायरला हे लवकर होतं. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

*घाट आणि उंची.* मुंबईहून महाबळेश्वरला चढताना बाहेरच्या हवेचा दाब दोनेक पीएसआयने उतरतो, त्यामुळे गेजवरचा आकडा तितका वाढायला हवा. पण वर थंडीही असते आणि ती बरीचशी वाढ खाऊन टाकते. काही करायची गरज नाही.

लडाखचं गणित मोठं आहे. ‘खारदुंग ला’ ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे, तिथे बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. खाली ३० अंशांत ३३ भरलेला टायर वर शून्य अंशात ३५-३६ दाखवतो. ही वाढ तशीच राहू द्या. चढताना ‘फार झाली’ म्हणून हवा काढणारे उतरताना भरायला विसरतात, आणि मैदानात ३३ च्या जागी ३० वर गाडी १०० ने पळवतात. लेहमध्ये काही दिवस राहायचं असेल आणि सकाळच्या थंड टायरवर आकडा तीनहून जास्त वाढलेला असेल तरच नीट करा, आणि उतरल्यावर पहिल्याच मुक्कामी पुन्हा मोजा.

५. हवा उतरवायची रीत

मऊ जमीन सुरू होते त्या कडेला, कठीण आणि सपाट जागी थांबा. घरून किंवा आदल्या गावातून हवा उतरवून निघू नका.

पहिल्या चाकाची टोपी काढून खिशात ठेवा, पिन दाबा आणि सेकंद मोजा. दर ३० सेकंदांनी गेज लावा. हव्या आकड्यावर किती सेकंदांत आलात ते लक्षात ठेवा. बाकीची चाकं त्याच्या थोडी आधी थांबवून गेजने पक्की करा. पिन पूर्ण काढून उतरवणं झपाट्याचं असतं, पण वाळूत पडलेली पिन सापडत नाही. जादा पिना असतील तरच तसं करा.

एकच आकडा सगळ्या गाड्यांना लावायचा नाही. ‘वाळूत १८’ हे ३५ आकड्याच्या गाडीला निम्मं होतं, २६ च्या हलक्या गाडीला फक्त तीस टक्के कमी. म्हणून टक्क्यांनी चला: कच्चा रस्ता किंवा मुरूम असेल तर मूळ आकड्यातून १५ ते २० टक्के कमी, चिखलाला ३० ते ३५, मऊ वाळूला ४५ ते ५०. ३३ च्या गाडीला हे अनुक्रमे २७, २२ आणि १७ येतं. २६ च्या गाडीला २२, १८ आणि १४. मागे सामान भरलेलं असेल तर मागच्या चाकांत दोन पीएसआय जास्त.

हवा उतरवल्यावर टायर रुंदीला थोडाच पसरतो, लांबीला जास्त. जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो, वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक खणण्याऐवजी वर राहतं. खातरजमेसाठी रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची हवा उतरवण्याआधी मोजून ठेवा. वाळूच्या आकड्यावर ती मूळ उंचीच्या सुमारे तीन चतुर्थांश झालेली दिसावी.

सावधान: डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागेल. तो तसाच लागू द्या. ज्या गाड्यांत रिसेटचं बटण आहे, तिथे कमी हवेवर रिसेट करू नका. गाडी तो कमी आकडाच बरोबर मानते आणि पुढे महामार्गावर इशारा देत नाही.

६. मुरूम, दगड आणि चिखल

मुरमाच्या किंवा सुट्या खडीच्या रस्त्यावर थोडी कमी हवा दगडाभोवती टायरला वळू देते, धक्के कमी बसतात आणि टोकदार खडी आत शिरण्याऐवजी रबरात दबते. अट एवढीच की वेग ५० च्या आत हवा. आठ-दहा किलोमीटरचाच कच्चा तुकडा असेल तर हवेला हात न लावता वेग कमी करणं जास्त सोयीचं. मोठाल्या उभ्या दगडांवरून जाताना मात्र लक्ष टायरच्या बाजूकडे ठेवा. कमी हवेत ती बाहेर फुगते आणि तळापेक्षा कितीतरी पातळ असते. दगड चाकाच्या मध्यावर घ्या, शेजारून घासू देऊ नका.

चिखलात आधी काठी घाला, मग ठरवा. वीतभर चिखलाखाली कठीण तळ लागत असेल तर हवा फार उतरवू नका. टायरने चिखल कापून तळ गाठायला हवा, १५-२० टक्के कमी पुरे. काठी आत जातच राहिली तर ३०-३५ टक्के उतरवा, नाहीतर सरळ दुसरी वाट शोधा.

मातीमातीत फरक आहे. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीखाली बहुधा कठीण थर लागतो. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत घट्ट बसते आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. महामार्गाच्या नेहमीच्या टायरवर भिजलेल्या काळ्या मातीत हवा कितीही उतरवली तरी फरक पडत नाही. मोठ्या खाचांचे टायर कमी हवेत वाकून माती बाहेर फेकतात, बाकीच्यांनी शेतरस्ता वाळेपर्यंत थांबावं.

तपासा: चिखलातून बाहेर आल्यावर रिम आणि टायर मिळतात ती कड पाण्याने धुवा. कमी हवेत कड किंचित हलते, बारीक रेव आत शिरते आणि मग आठवडाभर ‘पंक्चर नाही तरी हवा उतरते’ हा त्रास सुरू होतो.

७. वाळू

कुठली वाळू, हे आधी. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं कायद्याने बंद आहे आणि कोकणातल्या किनाऱ्यांवरही पोलीस कारवाई करतात. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. चाकाखाली घरटं आलं तर कळतही नाही. तिथे गाडी नेऊ नका, हवा किती ठेवायची हा प्रश्नच तिथे लागू होत नाही. वाळूत गाडी चालवायची असेल तर जैसलमेरजवळच्या ‘सम’ इथल्यासारख्या वाळूच्या टेकड्या आहेत, किंवा केरळमधला मुळप्पिलंगाडचा किनारा, जिथे गाड्यांना परवानगी आहे आणि वाळू घट्ट आहे. तिथे १५-२० टक्के उतरवणंही पुरतं.

मऊ वाळूत क्रम असा:

१. आत शिरण्याआधी हवा उतरवा. रुतल्यावर उतरवणं म्हणजे निम्मं चाक वाळूत गाडलेलं असताना व्हॉल्व्ह शोधणं.

२. वेग ३० च्या आसपास, एकसारखा. ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका, झटकन वळू नका. १५ च्या खाली हवा असताना तीव्र वळण घेतलं की टायरची कड रिमवरून सुटते आणि आतली हवा क्षणात जाते. ती कड छोट्या पंपाने परत बसत नाही.

३. ब्रेक न लावता थांबा, आणि शक्यतो उताराकडे तोंड करून. ब्रेकने चाकापुढे वाळूची भिंत तयार होते.

४. चाक जागच्या जागी फिरू लागलं की त्याच क्षणी पाय काढा. दोन सेकंद जास्त फिरवलं की गाडीचं पोट वाळूला टेकतं.

५. रुतलात तर चाकांपुढची-मागची वाळू काढा, आणखी २-३ पीएसआय उतरवा आणि आपल्याच चाकोरीतून मागे या. ती वाळू आधीच दबलेली असते.

सावधान: दुपारी तापलेल्या वाळूत फिरताना दाब दोन-तीन पीएसआयने वाढतो आणि तो पुन्हा उतरवावासा वाटतो. मुक्काम वाळूतच असेल तर हे टाळा. दुपारी १४ केलेली हवा वाळवंटातल्या गार पहाटे १२ वर येते आणि पहिल्याच वळणाला कड सुटते.

ट्यूबचे टायर असलेल्या जुन्या जीप किंवा स्पोकच्या चाकांच्या मोटरसायकली इतक्या खाली नेऊ नका. कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. तिथे २० टक्क्यांवर थांबा.

८. डांबर लागण्याआधी हवा भरा

कठीण जमिनीवर येताच थांबा. ‘पुढच्या पंपावर भरू’ हा विचार पंप तीन-चार किलोमीटरच्या आत असेल आणि ३० च्या वेगाने जायची तयारी असेल तरच करा. निम्म्या हवेवर डांबरावर वेग घेतला तर टायरच्या बाजूचे धागे आतून तुटतात. नुकसान बाहेरून दिसत नाही. टायर फुटतो तो आठ-पंधरा दिवसांनी, दुसऱ्याच रस्त्यावर.

भरण्याआधी चारही टायरांच्या दोन्ही बाजू पाहा: चीर, अडकलेला खडा, रिमच्या कडेची वाळू. व्हॉल्व्हच्या तोंडातली वाळू फुंकून काढा, नाहीतर कण पिनेत अडकून हवा गळत राहते. इंजिन चालू ठेवा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. हे मोकळ्या जागेतच, बंद शेडमध्ये नाही. आधी दोन चाकं भरा, मग कॉम्प्रेसरला निवू द्या. त्याच्यावर किंवा पुस्तिकेत सलग किती मिनिटं चालवायचा ते दिलेलं असतं, आणि ती मर्यादा ओलांडली की पहिल्यांदा नळीचा सांधा वितळतो. भरताना मध्येमध्ये यंत्र बंद करून आपल्याच गेजने मोजा, चालू यंत्राचा काटा जास्त दाखवतो. टायर गरम आहेत, म्हणून मूळ आकड्यापेक्षा ३ वर थांबा.

टोप्या इतक्यात लावू नका. आधी व्हॉल्व्हवर थोडं साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर पिन अर्धा फेरा घट्ट करा. तरीही येत असतील तर पिन बदला. मग टोप्या परत लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर चारही चाकं मोजा आणि स्टिकरवरच्या आकड्यावर आणा. रिसेटचं बटण असेल तर ते आता दाबा. चारही चाकं सारखीच दोन-तीनने उतरलेली असतील तर ती फक्त थंडी आहे. एकच चाक पाचने उतरलं असेल तर त्या चाकाची कड उघडून साफ करून घ्यायला पंक्चरवाल्याकडे न्या, आणि टायर रिमवरून उतरवलेला असताना आतल्या बाजूने हात फिरवायला सांगा. आत रबराचा भुगा किंवा काळी पूड सापडली तर तो टायर कमी हवेवर जास्त चालला आहे. तो परत बसवू नका.